घासाच्या वाटेवरची धमनी

गेल्या एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी मी स्नान केले, देव पुसून जागेवर ठेवले, नैवेद्याच्या दुधात पोहे कालवले आणि खायला बसलो. दुसरा घास छातीच्या वरच्या टोकाशी येऊन थांबला. तो खाली जाईना आणि वरही येईना. मी सिंकपाशी उभा राहून खिडकीबाहेर उशिरा पडलेला बर्फ पाहत राहिलो. माझी मुलगी सई सुट्टीला घरी आली होती. तिने विचारले, "बाबा, आर यू ओके?" मी मान हलवली. "मग बोला ना काहीतरी!" मला बोलता येईना. तिने पायातल्या घरच्या चपला तशाच ठेवून मला गाडीत बसवले आणि इस्पितळात नेले. तिथे काढलेल्या छातीच्या चित्रामुळे हा कागद लिहिण्याची वेळ आली, म्हणून सुरुवात त्या सकाळपासून केली.

मी मुकुंद दत्तात्रय उपळेकर, वय एकोणपन्नास, मूळ गाव मौजे निंबखोरी, जिल्हा सांगली, हल्ली राहणार नोव्हाय, मिशिगन. मोटारीच्या ब्रेकच्या नळ्या गाडीखालून कोणत्या वाटेने न्यायच्या, हे ठरवण्याची नोकरी करतो. येत्या गुरुवारी माझ्या छातीत आणि मानेत शस्त्रक्रिया व्हायची आहे. आज माझे डोके ताळ्यावर आहे, मन शांत आहे, आणि कोणी मला धाक दाखवून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. इंग्रजी मृत्युपत्र वकीलबाईंनी केले आहे, ते कोर्टासाठी. हे मराठीतले माझ्या माणसांसाठी. मालमत्तेबद्दल दोन्हींत फरक आढळला तर इंग्रजी खरे धरावे, बाकी सगळ्या बाबतीत हे.

घर आणि पैसा यांचा निकाल थोड्याच ओळींत लागतो. खरा प्रश्न माझ्या देहाचा आहे. तो अग्नीला द्यावा की इथल्या विद्यापीठात शरीर शिकणाऱ्या मुलांना द्यावा, यावर माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे, श्रीरामदादाचे, गेला उन्हाळाभर एकमत झालेले नाही. त्याच्या होकाराशिवाय सही करायची नाही म्हणून देहदानाच्या संमतीचे कागद श्रावणापासून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात पडून होते.

कलम एक. नोव्हायचे घर माझी पत्नी नीलांबरी हिचे. बर्फ वितळू लागला की तळघराच्या गॅरेजकडच्या कोपऱ्यात पाणी झिरपते, तेव्हा पंप चालू आहे ना हे हात लावून पाहावे, नुसता आवाज ऐकून विश्वास ठेवू नये. मी नसल्यावर लोक घर विकण्याचा सल्ला देतील. वर्षभर तरी कोणाचेही ऐकू नये.

कलम दोन. बँकेतली बचत, विमा आणि निवृत्तीचे खाते नीलांबरी आणि सई यांना समान.

कलम तीन. निंबखोरीची जमीन आणि घर यांतला माझा हिस्सा दादाचा. सातबाऱ्यावरचे माझे नाव त्याने कमी करून घ्यावे. ती जमीन त्याने कसली, देवळातली रोजची पूजा त्याने सांभाळली, आईवडिलांची अखेरची दुखणी त्याने काढली. मी फक्त पेढे घेऊन येत असे आणि परतताना चटण्या घेऊन जात असे.

कलम चार. गॅरेजमधली सर्व हत्यारे, नळी वाकवण्याच्या यंत्रासह, सईची. तिला ती वापरता येतात. कोणी म्हटले की मुलीला काय करायचीत, तर त्याच्याकडून तिने गाडीचे एक चाक बदलून घ्यावे.

कलम पाच. देव. पितळी नृसिंह, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शाळिग्राम. याबद्दल सईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी रोज पूजा नाही करणार, ओके? पण मी त्यांना हाय म्हणेन. बॉक्समध्ये नाही ठेवणार, प्रॉमिस." मला एवढे पुरे आहे. देव तिच्याकडे जावेत. दूध तापवलेले असले तर वाटीभर समोर ठेवावे, नसले तर नुसते हाय म्हणावे.

माझे मित्र आणि शेजारी गिरीश यांना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलबाई म्हणाल्या. गिरीश म्हणतो, "यार, मग साक्षीदार दुसरा शोध, मला तो प्रेशर कुकर हवाय." त्याने कुकर आजच घेऊन जावा, म्हणजे तो मृत्युपत्रात येत नाही.

कलम सहा. रुसवे. माझे रुसवे थोडे आहेत, आणि जवळजवळ सगळे जेवणाच्या पंगतीतले आहेत. आमच्या गावात नृसिंहजयंतीच्या दुसऱ्या दिवशी महाप्रसाद असतो. देवळापुढे मांडव, जमिनीवर ओळीने पत्रावळी, आणि रीत अशी की ओळीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कोणी उठायचे नाही. तो शेवटचा माणूस नेहमी मी असे. घास गिळायला मला इतरांच्या दुप्पट वेळ लागायचा. वाढपी तोंडाने "सावकाश होऊ द्या" म्हणत आणि डोळ्यांनी मला उठवत. पोरांनी माझे नाव रवंथ्या ठेवले होते. पुढची पंगत उन्हात ताटकळत उभी असे आणि ओरड होई, "अरे, रवंथ्याचं झालं का बघा!" घास अडकला की आई आतून धावत येई, डोक्यावर थोपटे आणि म्हणे, "वर बघ, वर बघ, चिमणी बघ. कुणीतरी आठवण काढली तुझी." मी वर बघायचो. मांडवाच्या कापडातून ऊन गाळून येत असायचे आणि चिमणी कधीच नसायची. आता ती ओरड, तो मांडव, कढीतल्या कढीपत्त्याचा वास, काहीच नकोसे वाटत नाही. सगळे रुसवे सोडले असे समजावे.

कलम सात. चित्राबद्दल. सर्जनने पडद्यावर माझी छाती फिरवून दाखवली. हृदयातून वर निघणाऱ्या मोठ्या धमनीची एक कमान असते. तिच्यातून डोक्याकडे आणि हातांकडे फाटे फुटतात. उजव्या हाताचा फाटा उजवीकडे, आधी निघायला हवा. माझा सगळ्यांत शेवटी, पार डावीकडून निघतो आणि अन्ननलिकेच्या मागून वळसा घालून उजव्या हाताकडे जातो. म्हणजे ज्या हाताने मी घास उचलतो, त्याच हाताची धमनी घासाची वाट पाठीमागून दाबते. मग मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला, "इज इट अ डिफेक्ट?" एखाद्या गाडीत नळी अशी भलत्या वाटेने गेली तर आम्ही गाड्या परत बोलावतो. ते म्हणाले, "नो. अ व्हेरिएशन. शंभरात एखाद्याला असते. बहुतेकांना कधी कळतही नाही." माझ्या बाबतीत त्या धमनीच्या मुळाशी फुगवटा आला आहे, तो फुटू नये म्हणून शस्त्रक्रिया. पण मला त्यांचा शब्द आवडला. मी चुकलेला नव्हतो, वेगळा होतो. निंबखोरीच्या मांडवात हे कोणी सांगितले असते तर मी आणखी सावकाश जेवलो असतो.

मी विचारले, तुम्हाला हे लगेच कसे ओळखू आले? ते म्हणाले, "विद्यार्थी असताना आमच्या टेबलावरच्या माणसाला असंच होतं. पुस्तकात एक आणि त्याच्यात दुसरं. सगळ्या वर्गाने येऊन पाहिलं. तो माणूस मी विसरलो नाही." त्या माणसाने आपला देह दिला होता. त्याचे नाव त्यांना ठाऊक नाही.

निघता निघता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ज्यांची धमनी अशी असते त्यांच्यात आवाजाची उजवी नसही आडवाटेने जाते. गळ्याच्या शस्त्रक्रियेत सर्जनला ती नेहमीच्या जागी सापडत नाही आणि चुकून कापली जाऊ शकते. मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि गाडी सुरू करायचे विसरलो.

कलम आठ. आईबद्दल. मी सातवीत असताना आईच्या गळ्यावर उजवीकडे गाठ वाढली. तालुक्याच्या डॉक्टरांनी ती काढली. गाठ गेली, आईचा आवाजही गेला. उरली नुसती कुजबुज. त्याआधी ती पहाटे चूल पेटवताना भूपाळी म्हणायची आणि शेजारची तीन घरे तिच्या आवाजावर उठायची. त्यानंतर आम्हाला हाक मारायला ती पळीने तांब्यावर दोनदा वाजवायची. आमच्या वडिलांनी डॉक्टरांच्या दारात उभे राहून त्यांचे हात झडोत म्हणून शाप दिला. डॉक्टर भले होते. दर नृसिंहजयंतीला ते देवाला नारळ पाठवत. आमचे वडील पुजारी. दर वर्षी तो नारळ ते देवळाच्या पायरीवरूनच परत पाठवत. वडील गेल्यावर दादानेही तसेच केले. डॉक्टर वारले तरी त्यांच्या मुलाने पाठवलेला नारळ आमच्या घरातून परत जातो.

सर्जनला मी आईबद्दल विचारले. ते म्हणाले, "तिलाही तसं होतं असं म्हणता येणार नाही. हे घराण्यात येतंच असं नाही. असेलही, नसेलही. आता कळायला मार्ग नाही." मार्ग होता. आईचा देह होता. तो आम्ही कृष्णेकाठी अग्नीला दिला, ते रीतीने योग्यच केले. त्यात माझ्या प्रश्नाचे उत्तरही जळून गेले.

कलम नऊ. देह. माझ्या मृत्यूनंतर माझा देह विद्यापीठाच्या शरीरशास्त्र विभागाला द्यावा. तिथल्या बाईंनी फोनवर समजावून सांगितले आहे की मृत्युपत्र लोक फार उशिरा उघडतात, म्हणून संमतीचा कागद वेगळा आणि आधी द्यावा लागतो. देह नेण्याआधी घरच्यांना काही तास मिळतात. नीलांबरीने सगळ्यांत आधी तेच विचारले होते, "मला बसायला मिळेल ना तुमच्याजवळ?" मिळेल. अभ्यास झाल्यावर ते दहन करून अस्थी परत देतात, त्याला वर्ष-दीड वर्ष लागते. घेतीलच अशी हमी ते देत नाहीत. नाकारला तर नेहमीप्रमाणे दहन करावे आणि अग्नी सईने द्यावा.

दादाला हे मी जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर सांगितले. तो देवळाच्या ओसरीवर बसला होता, खांद्यावर पंचा.

"दीड वर्ष?" तो म्हणाला. "आयुष्यभर पंगतीला ताटकळत ठेवलंस, आता मेल्यावरही ताटकळत ठेवणार?"

"दादा, मी गंभीरपणे सांगतोय."

"मग मीही गंभीरपणे विचारतो. दहाव्याला पिंड कशाच्या जोरावर ठेवू? देह हाती नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, ठाऊक आहे ना तुला? समुद्रात बुडालेल्यांसाठी करतात ते. तू काय बुडालायस?"

"नाही."

"आणि ती धमनी तर आता दुरुस्तच करणार म्हणतोस. दुरुस्त केलेली गाडी बघून पोरं काय शिकणार?"

हा प्रश्न चांगला होता. मी सर्जनला विचारून उत्तर आणले की जोड बदलला तरी जुनी वाट दिसते, आणि आवाजाची नस आहे तिथेच राहते. दादा म्हणाला, "राहू दे." त्यानंतर तो विषय निघाला की तो पाऊसपाण्याचे बोलू लागे. असे चार महिने गेले.

गेल्या रविवारी मी पुन्हा फोन केला. यावेळी देहाचे काढलेच नाही. विचारले, "दादा, आईला जेवताना तू कधी पाहिलंस?"

"म्हणजे काय? रोज..." म्हणाला आणि थांबला.

आमच्याकडे पुरुष आणि मुले आधी जेवत. आई आम्हाला वाढायची. ती स्वतः सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघरात, दार लोटून जेवायची. उत्सवाच्या पंगतीतही बायका शेवटी, भांडी आवरत. ज्या घरात माझा प्रत्येक घास सगळ्यांनी मोजला, त्या घरात आईचा एकही घास कोणी पाहिलेला नाही. मी पन्नाशीला आलो आणि मला हे आत्ता सुचले.

"नाही रे," दादा हळू म्हणाला. "नाही पाहिलं."

मागून शैलावहिनींचा आवाज आला. त्या लग्न होऊन आल्यापासून आईबरोबर मागच्या पंगतीला बसत. "मी पाहिलंय की," त्या म्हणाल्या. "सासूबाई भाकरी कधी खायच्या नाहीत. भात ताकात पार पातळ करायच्या, पेज करायच्या अगदी. घोट घोट घ्यायच्या. मी विचारलं एकदा, तर म्हणाल्या, मला भाकरी सोसत नाही ग, घशाखाली बसून राहते."

"हे तू कधी बोलली नाहीस," दादा म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलंत?"

वहिनींच्या हातातली काहीतरी निवडायची ताटली तेवढी वाजत होती. मला माहीत आहे की हा पुरावा नव्हे. भाकरी पुष्कळांना सोसत नाही. पण मला आई पहिल्यांदाच जेवताना दिसली. घासामागे थांबलेली, दाराकडे पाठ करून. आणि तिच्या डोक्यावर थोपटायला, वर बघ म्हणायला तिथे कोणी नव्हते.

दादाने शेवटी एवढेच म्हटले, "त्या डॉक्टरला कुणी दाखवलंच नसेल, नाही का? असंही असतं म्हणून."

"कुणी दाखवायचं, दादा? सगळेच जळतात."

त्याने फोन ठेवला. रागाने नाही. दिवेलागण झाली होती, देवापुढे दिवा लावायचा होता.

कलम दहा. दर नृसिंहजयंतीला एक पंगत माझ्या आईच्या नावाने, सुमतीबाई दत्तात्रय उपळेकर, घालावी. त्याची सोय इंग्रजी मृत्युपत्रात केली आहे. अट एकच. त्या पंगतीत बायका आधी बसतील, पुरुष वाढतील, आणि सर्वांत सावकाश जेवणारी उठेपर्यंत कोणी पत्रावळ उचलणार नाही. हे दादाला कळवले तेव्हा त्याने उत्तर लिहिले, "गावाला पटवायला मला दहा वर्षं लागतील." लागोत.

कलम अकरा. डॉक्टरांच्या घरचा नारळ पुढच्या वर्षी आला तर तो देवापुढे फोडावा आणि एक कवड प्रसाद म्हणून त्यांच्याकडे पाठवावी. आमच्या घरातला तो शाप, माझ्या वाट्याला जेवढा आला असेल तेवढा, मी परत घेतो. दादाच्या वाट्याचे त्याने पाहावे.

काल शुक्रवारी पहाटे, म्हणजे तिकडच्या दुपारी, दादाचा फोन आला. मी न विचारता तो बोलू लागला.

"हे बघ, मला हे पटलेलं नाही. पटणारही नाही. पळसाचं मी करणार, तिथे तुझं काही चालायचं नाही."

"कर की. मी कुठे अडवतोय?"

"आणि दुसरं. मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठा आहे. रांगेत माझा नंबर आधी आहे. गुरुवारी नीट बाहेर ये. माझ्या आधी जायचं नाही. एवढं कबूल असेल तर सही कर."

मी म्हणालो, "कबूल."

"मोठ्याने म्हण, ऐकू येत नाही."

नीलांबरी जागी होऊन दारात उभी होती. मी मोठ्याने म्हणालो.

पळसाच्या विधीला माझ्याकडून पूर्ण मोकळीक आहे, आणि त्यावरून सई व नीलांबरी यांनी दादाशी वाद घालू नये, हे या कागदात नोंदवतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नीलांबरीने करावी. तिला शक्य नसल्यास सईने.

आज शनिवारी सकाळी गिरीश आणि त्याची बायको हिमानी आमच्या स्वयंपाकघरात चहाला आले. आधी मी विद्यापीठाच्या कागदावर सही केली, मग या कागदावर करतो आहे. गिरीशने पेन हातात घेऊन विचारले, "नक्की ना? यानंतर चेंज करायचं असेल तर?" मी म्हणालो, लेखी कळवून बदलता येते, पण बदलायचे नाही. हिमानीने विद्यापीठाच्या पाकिटाची कड ओल्या बोटाने दाबून बंद केली. सई सोबत आली, माझा उजवा हात धरून ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत चालली. पाकीट मी स्वतः टपालपेटीत ठेवले आणि पेटीची लाल झेंडी वर केली, म्हणजे आत न्यायचे टपाल आहे हे टपालवाल्याला कळते आणि ते घेतले की तो झेंडी खाली करतो. हे लिहीत असताना टपालाची गाडी येऊन गेली. झेंडी खाली आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

ठिकाण: नोव्हाय, मिशिगन
दिनांक: शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५, आश्विन वद्य पक्ष

सही: मुकुंद दत्तात्रय उपळेकर

मुकुंद यांनी आमच्या दोघांच्या देखत, शुद्धीवर असताना सही केली. आम्हीही त्यांच्या देखत आणि एकमेकांच्या देखत सही करत आहोत.

साक्षीदार: गिरीश वामन टिकेकर, नोव्हाय
साक्षीदार: हिमानी गिरीश टिकेकर, नोव्हाय